‘काळं रगत’ आणि संत्र्याच्या बागेतलं ड्रिप

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार गटांतून आला. एक गावचा, एक भजनी मंडळाचा, एक दहावीच्या बॅचचा आणि एक संत्रा बागायतदारांचा. मजकूर थोडक्यात असा: निळ्या नसांत खराब रक्त साचतं, वर्षातून एकदा ते काढून टाकलं की हृदयाचा ताण जातो. लसूण, आलं, लिंबू आणि सफरचंदाचा सिरका यांचा रस एकवीस दिवस घेतला की ब्लॉकेज धुऊन निघतं. जेवणावर थंड पाणी पिऊ नका, रक्त गोठतं. अटॅक आलाच तर दहाही बोटांना सुई टोचा आणि जोरजोरात खोका. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या हातातून रक्त काढतो, आणि तेही याच निळ्या नसांतून. त्यामुळे पहिल्या मुद्द्यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे.

सुई नीट लागली आणि ट्यूबमध्ये रक्त चढायला लागलं की समोरचा माणूस मान वाकडी करून बघतोच. परवा एक मावशी म्हणाल्या, “पाय बापा, कसं काळंभोर रगत निंघालं! खराबच होतं न जी थे. बरं झालं काढलं.” रंग गडद असतो, मावशींचं तेवढं बरोबर. फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघालेलं रक्त लालभडक असतं, शरीरभर तो वाटून परत येणारं रक्त काळपट लाल. करोनात बोटाला चिमटा लावून 97-98 असा आकडा बघायची सगळ्यांना सवय झाली होती. तो आकडा जाणाऱ्या रक्ताचा. परतणाऱ्या रक्तात, माणूस आरामात बसलेला असेल तर, तोच आकडा 75 च्या आसपास असतो. म्हणजे जे ओतून द्यायला आपण निघालो त्यात जवळपास तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लकच असतो. निळेपणा तर फक्त कातडीवरून दिसतो, तो उजेडाचा खेळ. इतक्या वर्षांत माझ्या एकाही ट्यूबमध्ये निळं रक्त आलेलं नाही.

आणि रक्तदान शिबिरात पिशवी कुठून भरते? कोपरासमोरच्या याच शिरेतून. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला तेच चढवतात आणि ती उठून बसते. कोणत्याही घटकेला अंगातलं साधारण दोन तृतीयांश रक्त या परतीच्या शिरांतच असतं. ते खराब धरलं तर आपल्यात चांगलं उरलं किती?

‘साचतं’ या शब्दावर जरा थांबतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आमच्या मोर्शी-वरूडच्या संत्रा पट्ट्यात (अमरावती जिल्हा) कोणालाही शरीर समजावताना ड्रिपचं, म्हणजे बागेतल्या ठिबक सिंचनाचं, उदाहरण आपसूक तोंडात येतं. हृदय म्हणजे मोटार, मोठ्या नसा म्हणजे मेनलाइन, बारीक त्या लॅटरल. ऐकायला झकास, पण एका जागी साफ चुकतं. ड्रिपचं पाणी झाडाच्या मुळाशी जिरतं, विहिरीत परत येत नाही. रक्ताबद्दल जगाची समजूत हीच होती. गॅलेन नावाच्या वैद्याने सांगितलं होतं की अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि अवयवांत जिरून संपतं. हे जवळपास चौदाशे वर्षं चाललं. मग इंग्लंडच्या विल्यम हार्वेने 1628 मध्ये साधा हिशोब मांडला: हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि अर्ध्या तासात ठोके किती. गुणाकार अंगातल्या एकूण रक्ताच्या पुढे गेला. इतकं रक्त रोज नवीन बनणार कुठून? तेच परत येत असलं पाहिजे.

आजच्या आकड्यांनी करून बघा. एका ठोक्याला साधारण 70 मिली, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे 5 लिटरला थोडं कमी. पाठीवरचा 15 लिटरचा फवारणी पंप हृदय तीन मिनिटांत भरेल, आणि दिवसाला 7,000 लिटर हलवेल. अंगात एकूण रक्त किती? मोठ्या माणसात 5 लिटरच्या आसपास. म्हणजे सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. पायातलं आत्ताचं रक्त थोड्या वेळाने छातीत असेल. मग तुंबडी लावून, म्हणजे कातडीला चरे देऊन रक्त ओढून, पायातून जे काढलं ते नेमकं कुठलं म्हणायचं?

एक प्रयोग सांगतो, हार्वेचाच आहे. ज्याच्या हातावर शिरा टचटचीत दिसतात असा एखादा काका धरा, आमच्याकडे त्यांना तोटा नाही. कोपराच्या वर दुपट्टा जरा आवळून बांधा, शिरा फुगतील. मधेमधे गाठीसारखे फुगवटे दिसतील, त्या आतल्या झडपा. मनगटाकडे एका शिरेवर बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारत एक गाठ ओलांडा आणि ते वरचं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. आता खालचं बोट सोडा. सर्रकन भरेल. वाट एकतर्फी आहे, हृदयाकडे. (दुपट्टा लगेच सोडा, काकाला तसाच बसवून चहाला जाऊ नका.)

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने. पायातल्या या झडपा सैल झाल्या की रक्त खरंच खाली तुंबतं, शिरा दोरखंडासारख्या वळतात, घोट्याजवळ कातडी काळी पडते. त्याला व्हेरिकोज व्हेन म्हणतात. पण तिथे बिघाड झडपेचा आहे, रक्ताचा नाही. पाय उंचावर ठेवणं, घट्ट मोजे, गरज पडली तर शिरेवर इलाज, हे सर्जन ठरवतो. रक्त काढून झडप दुरुस्त होत नाही. अंगातून रक्त काढायला लावणारे काही आजार आहेत, पण ते तपासणीवर ठरतात, गटातल्या मेसेजवर नाही. आणि आमच्याकडे तुंबडीला जाणाऱ्या बाया बहुतेक त्याच, ज्यांचं हिमोग्लोबिन माझ्या टेबलावर 8 आलेलं असतं. त्यांच्यातून आणखी रक्त काढणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोटार लावणं.

आता रस. हा दावा बागायतदारांना लगेच का पटला ते मला कळतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर बुजले की आपण लाइनमधून ॲसिड सोडतो, क्षार विरघळतो, थेंब पडायला लागतात. मग लिंबू-सिरक्याने नसा का साफ होणार नाहीत?

कारण दोन्हीकडे बुजणं वेगळं आहे. ड्रिपमध्ये चुना नळीच्या पोकळीत बसतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी भिंतीच्या आत, अस्तराखाली जमते, वर्षानुवर्षं, आणि वरून अस्तर शाबूत असतं. रस तिथे पोचणार कसा? त्यात आंबटपणा रक्तात उतरतच नाही. जठरातलं ॲसिड सिरक्याहून कितीतरी कडक आहे, आणि रक्ताचा पीएच शरीर 7.35 ते 7.45 मध्येच धरून ठेवतं. चुना धुण्याइतकं आंबट रक्त झालं तर माणूस दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही. शिवाय ड्रिपची लॅटरल 16 एमएमची, हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या रुंद. त्यातल्या चरबीच्या फुगवट्याचं अस्तर फाटलं की जागेवर गुठळी होते, पुढच्या स्नायूचं रक्त तुटतं. हाच अटॅक. हृदयात रक्त काठोकाठ भरलेलं असूनही त्याचा स्वतःचा स्नायू उपाशी मरतो, कारण त्याला खुराक या दाण्याएवढ्या नळ्यांतूनच मिळतो.

लसूण भाजीत खा, माझी ना नाही. माझी तक्रार आहे ती रसापायी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्यावर. असे दोघे मी ओळखतो. एकाने तर मला हा मेसेज वाचून दाखवला तेव्हा दुसऱ्या हाताने पन्नीत खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटणं चालू होतं. खर्ऱ्यातलं निकोटिन नाडी आणि बीपी दोन्ही चढवतं, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

थंड पाणी: माठाचं असो की फ्रिजचं, पोटात जाऊन अंगाच्या तापमानाला येतं. रक्त गोठत नाही, विषय संपला. फक्त सिकलसेलवाल्यांनी (लाल पेशी वाकण्याचा जन्मजात आजार असलेल्यांनी) हे नीट वाचावं, विदर्भात ते बरेच सापडतात. अंगावर गारठा घेऊ नका, पण पाणी कमी करू नका. पाणी कमी पडलं की कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि कळा सुरू होतात. थंडाच्या भीतीने पाणी टाळणं तुम्हालाच महागात पडेल.

राहिली सुई आणि खोकला. दहा बोटं टोचून दहा थेंब निघतील, अंगात पाच लिटर आहे. गुठळी छातीत आहे, बोटात नाही.

खोकल्यामागे अर्धं सत्य आहे. अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटर लावलेला असताना, ठोका बिघडताक्षणी डॉक्टर कधीकधी पेशंटला खोकायला सांगतात. तिथे यंत्र आहे, डॉक्टर आहे. शेतात एकट्या माणसाचं तसं नाही. अटॅकमध्ये बहुतेक वेळा हृदय चालूच असतं, म्हणून तर माणूस बोलतो. आणि थांबलंच, तर काही सेकंदांत शुद्ध जाते, मग खोकणार कोण? आमच्याकडे एक काका बांधावर अर्धा तास खोकत बसले, मग दोघांच्या मधात मोटरसायकलवर बसून आले. शर्ट घामाने पिळून निघालेला, ईसीजीची चिकटपट्टी छातीवर टिकेना.

छातीवर दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, असं काही झालं तर चालू नका, बसा, आणि 108 लावा. जवळ जिथे ईसीजी होतो तिथे आधी पोचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट काम करतं. माणूस कोसळला आणि श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 सेंटिमीटर खोल दाबा. फासळी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. दमलात तर शेजारच्याला लावा, गाडी येईपर्यंत हात बदलत राहा.