‘सलाईन द्या, बीपीचं इंजेक्शन नको’ हा सल्ला कुठे चुकतो

आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत एक फॉरवर्ड हमखास पोचतो. त्याचं सार असं: सलाईन भरपूर दिलं की बीपी आपोआप चढतं, बीपी वाढवणाऱ्या इंजेक्शनाने बोटं काळी पडतात, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) वाढलं म्हणजे हार्ट अटॅक, तो डॉक्टर लपवतात, आणि एकदा ‘सपोर्ट’, म्हणजे बीपी टिकवणाऱ्या औषधाचा पंप, लागला की पेशंट परत येत नाही. सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्ताभिसरण कोलमडलेला पेशंट, डोळ्यांसमोर ठेवून ही विधानं तपासू.

सलाईनचं विधान अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागले की, रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरतं. त्यामुळे पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिली सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखंच क्षारांचं पाणी) देतातच. ६० किलोच्या माणसाला १,८०० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्यांहून किंचित जास्त. पुढची प्रत्येक बाटली मात्र हृदयाला पेलेल का, हे पाहून द्यावी लागते. अर्धवट बसवलेल्या पेशंटची पाठ आडवी करून पाय ४५ अंश उचलले, तर पायांतलं रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदय दर मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त १० टक्के किंवा जास्त वाढलं, तर सलाईनचा उपयोग होईल. नाही वाढलं, तर ते पाणी फुप्फुसात आणि आतड्याच्या भिंतीत साचणार.

२०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ आजारी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झपाट्याने सलाईन दिलेल्या मुलांत ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के दगावली, न दिलेल्यांत ७.३ टक्के. तिथे व्हेंटिलेटर नव्हते, अनेकांना मलेरिया होता. ते आकडे इथल्या प्रौढ पेशंटला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण ‘पाण्याने काय बिघडतं?’ हा प्रश्न त्यानंतर निरागस राहिला नाही. (डेंग्यूच्या शॉकमध्ये मुख्य भिस्त सलाईनवरच असते, हे खरं. तिथेही गळती थांबली की पाझरलेलं पाणी रक्तात परततं आणि तेव्हा चालू राहिलेली बाटली श्वास अडवते.)

बोटं काळी पडतात का? कधीकधी, हो. पण त्यात बारीक रक्तवाहिन्यांत होणाऱ्या गुठळ्या आणि मुळात कमी पडलेला रक्तपुरवठा यांचाही वाटा असतो. जास्त टाळता येण्याजोगा धोका वेगळाच आहे: हातातल्या शिरेबाहेर औषध गळलं तर तिथली त्वचा मरते. म्हणून सुरुवातीला कोपरापाशी किंवा त्याच्या वर चांगली शीर निवडतात, नंतर मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) घालतात. सुईभोवती सूज, पांढरेपणा किंवा आग दिसली तर सिस्टरला तत्काळ सांगा.

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगतं, इजा कशाने झाली ते नाही. सेप्सिसमध्ये हृदयाची धमनी बंद नसतानाही ते वाढतं. ईसीजी, काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरून फरक ठरवतात. इकोही फसवतो. वाहिन्या सैल असताना हृदयाला ढकलायला जोर लागत नाही, त्यामुळे पंपिंग ‘६० टक्के, नॉर्मल’ दिसतं. इंजेक्शनाने वाहिन्या आवळल्या की खरा अशक्तपणा उघडा पडतो. म्हणून इको पुन्हा करावा लागतो आणि गरज पडली तर डोब्युटामिन, म्हणजे हृदयाचा जोर वाढवणारं औषध, जोडतात. हा अशक्तपणा, पेशंट वाचला तर, बहुधा दहाएक दिवसांत भरून येतो.

राहिला ‘सपोर्ट’. जास्त आजारी पेशंटला तो लागतो, म्हणून त्याच्यासोबत मृत्यू जास्त दिसतात. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडत नाही. नॉरअॅड्रेनालिन हे बीपी वाढवणारं मुख्य इंजेक्शन. त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, म्हणून ते पंपातून अखंड देतात. लक्ष्य सरासरी बीपी ६५ चं असतं: खालचा आकडा दुप्पट करून त्यात वरचा मिळवा, तिनाने भागा. ९०/५० म्हणजे ६३, थोडं कमी.

पंपावरचा आकडा डोस नसतो, तो ताशी मिली असतो. ५० मिलीत ४ मिलिग्रॅम औषध असेल, तर ६० किलोच्या पेशंटला ताशी ४.५ मिली म्हणजे किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये औषध दुप्पट घातलं की तोच डोस २.२५ दिसतो आणि घरचे उगाच खूश होतात. डॉक्टरांना मायक्रोग्रॅममधला डोस विचारा, कालचाही. ०.२५ च्या आसपास गेला तर व्हॅसोप्रेसिन (वाहिन्या आवळणारं दुसरं औषध) आणि दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) जोडायची वेळ आलेली असते. ०.३ वरून ०.१२ वर आला आणि लघवी पुन्हा नीट होऊ लागली, लॅक्टेट (रक्ताभिसरण कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) उतरलं, तर तो पेशंट सपोर्टवरून खाली येतोय.