निवडलेले तांदूळ

आज डोकं फिरलंय. कारण ऐकून हसाल. हसा. मोबाइलवरच्या गेमवरून फिरलंय.

रात्री जेवणं झाल्यावर आई आणि मी हिडन ऑब्जेक्ट खेळत बसलो होतो. खोलीभर पसारा, खाली नावांची यादी, एकेक वस्तू शोधून बोट टेकवायचं. एक दिवाणखाना पूर्ण केला. तर पुढची खोली उघडायला तारे कमी पडतात म्हणे, हाच दिवाणखाना पुन्हा करा. केला. तिसऱ्यांदाही केला. चौथ्यांदा आईने चष्मा काढला आणि म्हणाली, "अरे, निवडलेले तांदूळ कोण परत निवडतं?" तो संपवतोय तोवर ऊर्जा संपली. आमची नाही, गेममधली. दोन तास थांबा, नाहीतर ८९ रुपये भरा.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई ताजीतवानी बसलीय आणि हे सांगणार ऊर्जा संपली!

२००९ साली नाशकात बुधवारच्या बाजारातून येताना आई गोदाघाटाच्या पायरीवर घसरली. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. सिडकोतल्या घरात टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ही आत कॉटवर. मग मी तो पोटाड्या मॉनिटर उचलून तिच्याच शिलाई मशीनवर ठेवला आणि मिस्ट्री केस फाइल्स या असल्याच वस्तू शोधायच्या गेमचा कुठलासा भाग लावून दिला. तेव्हा त्या मालिकेची हवा होती, २००५ च्या हंट्सव्हिल या पहिल्या भागापासून सुरू झालेली. यादी सगळी इंग्रजीत. मी वाचायचो, ती शोधायची. एकदा आलं थिंबल. मी इंजिनिअर माणूस, मला ठाऊक नाही. म्हटलं, "आई, थिंबल म्हणजे काय गं?" म्हणाली, "मला काय विचारतोस? पण त्या बशीच्या मागे अंगुस्तान पडलंय बघ." उगाच त्यावर, म्हणजे शिवताना बोटात घालतात त्या टोपीवर, क्लिक केलं तर यादीतलं थिंबल खोडलं गेलं! चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई, तिला त्याचं इंग्रजी नाव कशाला हवंय?

तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही वस्तू सापडली की "अंगुस्तान!" असं ओरडतात. बायकोसुद्धा.

माझं म्हणणं एवढंच, की हा खेळ दोघांनी एका पडद्यापुढे बसून, घाई न करता खेळायचा आहे. एकाचं डोकं, दुसऱ्याचे डोळे. भाचा म्हणतो हे गेमच नाहीत, रिटायर लोकांचा टाइमपास. त्याने दिवसभर बंदुका चालवाव्यात, मी त्याला काही म्हणतो का? १९९३ च्या मिस्ट या गेममध्ये कुणी मागे लागत नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत. नुसतं बघत, खटके ओढत फिरायचं. तरी लोकांनी वेड्यासारखा घेतला. २०१२ चा 'द रूम' हा कोड्यांचा गेम म्हणजे तर नुसती एक पेटी. पण कुठली कळ दाबली की कुठला कप्पा सरकतो हे बघताना चहा गार होतो.

हां, कोड्यांवरून आठवलं. हे जे मध्येच सरकत्या चौकटींचं कोडं घालतात ना, ते कुणाच्या डोक्यातून येतं? घरमालक खून झालेला, पोलीस दारात, आणि त्याच्या कपाटाला चित्र जुळवायचं कुलूप! कुठल्या घरात बघितलंय? मी सरळ स्किप दाबतो. हिंट मात्र नाही. हिंट दाबली की आई दोन दिवस तोंड फिरवते.

बरं, जुन्यातही घड्याळ होतं, उगाच इकडेतिकडे क्लिक केलं तर वेळ कापायचे. मान्य. आणि गेम बनवणाऱ्यालाही पोट आहे, तेही मान्य. मिस्ट्री केस फाइल्स काढणारे बिग फिशवाले तेव्हा तासभर फुकट खेळू द्यायचे, मग विकत घ्या म्हणायचे. सरळ व्यवहार. एकदा पैसे दिले की गेम आपला. (आमची सीडी कुठून आली होती ते कृपया विचारू नका. शालिमारला जाऊन आणली एवढंच आठवतं.) म्हणजे ८९ रुपयांवरून ओरडायचा मला फारसा हक्क नाही, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय. पण पैसे माग ना बाबा एकदाच, छातीठोक माग! हे दर खोलीच्या दारात हात पसरून उभं राहायचं कशाला?

आणि तो एवढासा पडदा. त्या मॉनिटरच्या काचेवर आईच्या बोटांचे तेलकट ठसे असायचे, दोघांची डोकी मावायची. आज फोनवर तिची सावली पडली तरी मला दिसेना. मी "जरा बाजूला हो ना" म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. राग खरं तर त्याचाही आहे.

आत्ता फोन वाजला. ऊर्जा भरली. आतून आवाज, "भरली का रे? आण इकडे. त्या पडद्यामागे एक छत्री आहे, अजून यादीत आली नाही, पण मी बघून ठेवलीय."