बॉडी अर्थ

इंडिकेटर दिला की आमच्या गाडीचे हेडलाइटही त्याच तालावर मान डोलवायचे. मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं, "बॅटरी गेली, साहेब." नवी बसवली. लाइट डोलतच राहिले. फरक एवढाच, की आता वॉरंटीसकट.

गाडीत दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीला वायर नसते. करंट पत्र्यातूनच बॅटरीकडे घरी येतो, यालाच बॉडी अर्थ म्हणतात. त्यात इंजिन बसलेलं रबरी माउंटिंगवर, त्यामुळे त्याला वेगळी अर्थिंगची पट्टी लागते. आमची पट्टी पावसाळे खाऊन हिरवी पडली होती. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला लावलं आणि बायकोला म्हटलं, "मार स्टार्टर." अर्ध्या व्होल्टच्या आत असावं ते दीड व्होल्ट निघालं. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढतो तेव्हा रेझिस्टन्स, म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा, ओहमचा शंभरावा भाग असला तरी एवढं गिळतो. "मग आता नवीन गाडी का?" तिने आशेने विचारलं.

पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर मागितली.

"मोटर किती एचपीची?"

"मोटर नाही, गाडीला लावायचीये. दीड मीटर द्या."

"दीड मीटर?" दुकानदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तीन मीटर घेतली.

वायरच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी, हातोडीने ठोकून बसवणारे शूर लोक आहेत. पण तसं केलं तर जुना रेझिस्टन्स काढून घरचा ताजा घातल्यासारखं होतं. ओळखीच्या पॅनेलवाल्याकडे जाऊन हायड्रॉलिक क्रिंपिंग करून, म्हणजे यंत्राने घट्ट दाबून आणलं, वर काळी स्लीव्ह चढवली.

खरा प्रसंग पुढेच होता. रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. खाली चकचकीत पत्रा लागतो. ज्या गाडीवर मांजर बसलं तरी मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडतो, तिच्यावर स्वहस्ते पॉलिश पेपर घासायचा! वॉचमनने पाहिलं आणि इंटरकॉमवरून बायकोला विचारलं, "साहेब बरे आहेत ना?"

तोवर पार्किंगमध्ये सल्लागार मंडळ भरलं होतं. कोणी म्हणालं प्लग बदला, कोणी म्हणालं सीएनजी करा. एकाने तर गाडी वास्तूप्रमाणे दक्षिणेकडे तोंड करून उभी असल्याचं दाखवून दिलं. तळमजल्यावरचे काका मात्र गप्प होते. मी एक वायर इंजिनपासून बॉडीला, दुसरी बॅटरीपासून बॉडीला आवळली, गंजू नये म्हणून सांध्यांवर व्हॅसलीन फासलं आणि काढून ठेवलेलं निगेटिव्ह सगळ्यात शेवटी लावलं.

स्टार्टर मारला. पॉइंट दोन व्होल्ट! हेडलाइट ढिम्म हलेनात. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. मंडळ चहाला पांगलं.

काका तेवढे मागे राहिले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "वायर उरलीये ना? आमचा टीव्ही जरा लुकलुकतो. दोन थिंबलं आणतोस का?"