पाण्यातून बाहेर आल्यावर सायकल हुडकायची कशी

आमच्याकडच्या एका छोट्या ट्रायथलॉनमध्ये (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं सलग) काही वर्षांपूर्वी मी पाण्यातून बाहेर आले तेव्हा बायकांत दुसरी होते. पोहणं माझं बरं आहे, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. धावत ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली लावून ठेवलेल्या जागेत, शिरले आणि पुढची चार मिनिटं सायकल हुडकत फिरले.

माझ्या चष्म्याचा नंबर वजा साडेपाच. चष्मा हेल्मेटमध्ये आणि हेल्मेट सायकलच्या हँडलवर ठेवलेलं. सायकल सापडल्याशिवाय चष्मा मिळणार नाही, आणि चष्म्याशिवाय सायकली टांगायच्या पलीकडच्या रॅकवरचा आकडा दिसणार नाही. त्यात रांगांचे नंबर लिहिलेले फळे सायकल घेऊन बाहेर पडायच्या गेटकडे तोंड करून लावलेले. पाण्याच्या बाजूने येणाऱ्याला दिसायची फक्त त्यांची कोरी पाठ. मी दोन रांगा धावले, परत फिरले, पुन्हा एका रांगेत शिरले. शेवटी एक कॉलेजचा मुलगा आला, स्वयंसेवक. "ताई, नंबर सांगा, हुडकू या." दंडावर मार्करने लिहिलेला नंबर व्हॅसलिनने पुसट झाला होता. तो माझा हात उजेडाकडे धरून एकेक आकडा लावत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तिसरा नंबर दीड मिनिटाने गेला.

दुःख नंबर गेल्याचं नाही, किंवा आता तरी उरलेलं नाही. आपल्याकडे ट्रायथलॉन करणारी माणसं वाढली, फार चांगलं झालं. पण ट्रान्झिशनबद्दल आपण अजून बोलतच नाही. पोहणं, सायकल, धावणं यांचे प्लॅन आठवड्याच्या हिशोबाने येतात. टी-वन (पोहण्यानंतर सायकल घेणं) आणि टी-टू (सायकल लावून धावायला निघणं) मात्र "बघू तिथे गेल्यावर" यात जातात. घड्याळ तर तिथेही चालूच असतं, ती मिनिटं तुमच्या एकूण वेळेतच धरतात.

साधा हिशोब करून बघा. ७०.३ मध्ये, म्हणजे एकूण ७०.३ मैलांच्या ट्रायथलॉनमध्ये, सायकल ९० किलोमीटर. ताशी २८ च्या वेगाने गेलात तर साधारण ३ तास १३ मिनिटं. ताशी २८.५ ने गेलात तर साधारण ३ तास साडेनऊ मिनिटं. वेग अर्ध्या किलोमीटरने वाढवायला किती महिने घाम गाळावा लागतो हे ज्याचं त्याला माहीत. काही जण त्यासाठी चाकं बदलतात, लाखभर रुपये घालतात. घाला, आपली हौस आहे, आपला पैसा आहे. पण तेवढीच तीन-साडेतीन मिनिटं रॅकच्या गल्लीत भांबावून फिरताना जातात, आणि ती वाचवायला आदल्या दिवशीची दहा मिनिटं पुरतात. ही दहा मिनिटं कुणी देत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता चुकतं कुठे ते सांगते. कोल्हापूरकरांना लगेच कळेल. अंबाबाईच्या देवळात आपण महाद्वारातून आत जातो, चपला तिथेच काढतो. दर्शन घेऊन गर्दीच्या लोंढ्याबरोबर घाटी दरवाज्याने बाहेर पडतो, आणि क्षणभर आपण कुठे आलो ते कळत नाही. गाव तेच, देऊळ तेच, फक्त बाजू बदलली. ट्रान्झिशनमध्ये नेमकं हेच होतं. आदल्या दिवशी चेक-इनला तुम्ही रस्त्याच्या बाजूने आत जाता, सायकल लावता, फोटो काढता आणि आलात तसे परत जाता. शर्यतीच्या दिवशी शिरता ते पाण्याच्या बाजूने. त्या बाजूने ती जागा तुम्ही कधी पाहिलेलीच नसते.

शिवाय पाण्यातून बाहेर येणारं शरीर आदल्या दिवशीचं नसतं. अर्धा-पाऊण तास आडवं राहून, हातांवर सगळं काम करून अचानक उभं राहायचं आणि धावायचं. रक्तदाब क्षणभर खाली येतो, डोकं हलकं होतं, काहींना चक्कर येते. कानात पाणी, गॉगलवर वाफ, डोळ्यांत खारं पाणी. अशा अवस्थेत "इथेच कुठेतरी होती" यावर चालत नाही. (शेवटच्या शंभरेक मीटरला पाय जरा जोरात मारले तर उभं राहिल्यावर त्रास कमी होतो. मला तरी खूप फरक पडला.)

म्हणून सायकल लावून झाली की मी आता परत फिरत नाही. स्विम एक्झिटपाशी, म्हणजे पाण्यातून बाहेर यायच्या जागी, जाते, पाण्याकडे पाठ करते आणि तिथून चालायला सुरुवात करते. गोव्याला मिरामारला असंच केलं. मांडवी समुद्राला मिळते तिथला तो किनारा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यातली पहिली ७०.३ तिथेच झाली, आणि आपल्याकडचे कितीतरी जण आता तिथे जातात. मी गेले तेव्हा चेक-इनच्या संध्याकाळी चप्पल हातात घेऊन वाळूतून चालले, चष्मा काढून. हो, मुद्दाम काढून. चष्म्याशिवाय काय दिसतं तेवढंच माझ्या कामाचं होतं. रॅकवरचे आकडे दिसत नव्हते. पण एक उंच माड दिसत होता, पुढे दिव्याचा खांब दिसत होता. खांबापासून रांगा मोजल्या: सातवी. सातव्या रांगेत डाव्या हाताला वळून रॅकचे पाय मोजले: तिसऱ्याच्या जरा पुढे माझी सायकल. तीन वेळा चालले. चौथ्यांदा जरा धावले, कारण धावताना मोजणं वेगळं पडतं. रात्री झोपताना तोंडात तेच होतं. माड, खांब, सात, डावीकडे तीन.

सकाळी पाण्यातून बाहेर आले आणि तेच म्हणत गेले. आजूबाजूला बघितलंच नाही. हात पुढे केला तर हेल्मेट हातात.

खूण धरताना हलणारी वस्तू धरू नका. शेजारची लाल सायकल म्हणजे खूण नव्हे. तिचा मालक तुमच्यापेक्षा जलद पोहला तर तुम्ही येईपर्यंत ती सायकल वीस किलोमीटर पुढे गेलेली असते. आता तर निम्म्या सायकली काळ्या कार्बनच्या, रॅकला टांगल्या की सगळ्या सारख्याच. मी हँडलला हळदीसारखी पिवळी टेप गुंडाळली आहे, पण ती शेवटच्या दोन मीटरसाठी. तिथपर्यंत पोचवायचं काम झाड, खांब, भिंत, गेट यांचंच.

फुगे बांधायचा, झेंडा लावायचा सल्ला अजून ऐकू येतो. कृपा करून तसं करू नका. ट्रान्झिशनमधल्या आपल्या जागेवर खुणा करायला वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांत मनाई आहे. लावलेली खूण अधिकारी न सांगता काढून टाकतात. म्हणजे जिच्या भरवशावर तुम्ही राहिलात तीच ऐन वेळी गायब. आणि मला हा नियम पटतो. शंभर जणांनी शंभर फुगे बांधले तर कुणालाच काही सापडणार नाही. सायकल सापडल्याच्या आनंदात हेल्मेट विसरू नका, हेही सांगून ठेवते. आधी हेल्मेट, पट्टा लावलेला, मगच सायकल रॅकवरून काढायची.

हळू पोहणाऱ्यांना वाटतं की आपल्याला हा प्रश्न नाही, आपण येतो तेव्हा रॅकवर दोन-चारच सायकली उरलेल्या असतात. टी-वनला हे खरं आहे. टी-टूला तुम्ही परत येता तेव्हा मात्र रॅक भरलेले असतात. आता सायकल नाही, रिकामी जागा हुडकायची असते, आणि तीही आपलीच, कारण सायकल ठरलेल्या जागीच लावावी लागते. त्यात तुमच्या जागेत कुणीतरी घाईत आपली सायकल अडकवून गेलेलं असतं. म्हणून चेक-इनला दुसरी फेरी सायकलने परत येण्याच्या वाटेवरून चाला. तिथल्या खुणा वेगळ्या धरा.

जे स्पर्धा भरवतात त्यांच्याशीही बोलायचं आहे. तुम्ही किती राबता ते मी जवळून पाहिलं आहे. पहाटे तीनला रॅक उभे करणारी मुलं मला माहीत आहेत. पण रांगांचे फळे दोन्ही बाजूंनी लिहा. आकडा हातभर उंच काढा, पांढऱ्यावर काळा, आणि डोक्याच्या वर लावा, कारण सायकलींच्या उंचीवर लावलेला फळा गर्दीत दिसत नाही. चष्मा लावणारी माणसं शर्यतीत पुष्कळ असतात आणि पोहताना त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांवर चष्मा नसतो. नंबरचे गॉगल मिळतात, मी आता तेच वापरते, पण ते सगळ्यांना परवडतील किंवा जुळतील असं नाही. रंगाच्या डब्याचा आणि तासाभराच्या कामाचाच खर्च आहे. पहिल्यांदा शर्यतीला आलेली एखादी घाबरलेली मुलगी त्या फळ्यामुळे रडायची थांबेल. अशी मुलगी मी टी-वनमध्ये पाहिली आहे. ओल्या कपड्यांत रॅकच्या मधोमध उभी होती, आणि शेजारून सगळे धावत जात होते.

१९७८ साली हवाईत ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे ७०.३ च्या दुप्पट लांबीची ट्रायथलॉन, झाली तेव्हा सुरुवातीला १५ माणसं उभी होती. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता शेकड्यांनी सायकली एका मैदानात लागतात, आणि त्या रांगांतून वाट काढणं हा शर्यतीचाच भाग झाला आहे. मग त्याचा सराव का नको?

आम्ही काही जणींनी कोल्हापूरच्या राजाराम तलावावर तो सुरू केला आहे. दोन झाडांना दोर बांधायचा, दहा-बारा सायकली सीटवर टांगायच्या, आणि सायकल लावणारीने लांबच्या बाजूने निघून जायचं. मग तीनशे मीटर पोहून यायचं, अनवाणी धावायचं, आपली सायकल काढायची. मध्येच कुणीतरी चार सायकली गुपचूप काढून नेतं, म्हणजे शेजारचा आधार जातो. पहिल्या दिवशी सगळ्यात वेगवान मुलगी दोनदा चुकली. तिसऱ्या आठवड्यात एकही जण चुकली नाही.

येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला पुन्हा आहोत. दोर आहे, सायकल तुमची आणा. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तर नक्की या.