‘कंपनी काढली की घर सुरक्षित’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: ‘धंदा सुरू करताय? पहिल्याच दिवशी कंपनी नोंदवा. धंदा बुडाला तरी घराला हात लागत नाही, कर कमी बसतो आणि गिऱ्हाईक मान देतं.’ तिन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण प्रत्येक अर्ध्यावर सोडलेली आहे.

घराचं आधी बघू. कंपनी म्हणजे मालकाहून वेगळी व्यक्ती, हे तत्त्व पक्कं झालं ते लंडनच्या एका बूट बनवणाऱ्यामुळे. आरन सॉलोमनने १८९२ मध्ये आपला चालता धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. भागधारक कोण, तर तो, बायको आणि पाच मुलं. पुढच्याच वर्षी कंपनी बसली. ज्यांचे पैसे येणं होते ते सॉलोमनच्या मागे लागले, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १८९६ साली सांगितलं की देणी कंपनीची आहेत, त्याची नाहीत.

सल्ला देणारे गोष्ट इथे थांबवतात. पण नव्या, छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा मालकाची वैयक्तिक हमी मागते. जागेचा मालकही भाडेकरारात तेच मागू शकतो. त्या कागदावर सही केली की तेवढ्या देण्यापुरती कंपनीची भिंत तुम्ही स्वतःच पाडलीत. शिवाय तुमच्या हातून झालेल्या चुकीचं काय? तुम्ही स्वतः केलेल्या वायरिंगमुळे आग लागून कुणी भाजलं, तर दावा कंपनीबरोबर तुमच्यावरही येऊ शकतो. एकट्याने काम करणाऱ्याच्या धंद्यात बहुतेक चुका त्याच्याच हातच्या असतात. तिथे कंपनीपेक्षा चांगला विमा जास्त कामाला येतो.

विम्यावरून आठवलं. उत्तर आयर्लंडमधल्या मॅकॉरा नावाच्या जमीनदाराने आपल्या इस्टेटीवरचं लाकूड आपल्याच कंपनीला विकलं आणि विमा मात्र स्वतःच्या नावावर काढला. १९२२ मध्ये लाकूड जळालं. १९२५ मध्ये निकाल लागला: लाकूड कंपनीचं होतं, तुमचं नव्हे, त्यामुळे पैसे मिळणार नाहीत. सॉलोमनला वाचवणारं तत्त्व इथे मालकावरच उलटलं. गल्ल्यातून घरखर्चाला नोटा उचलायची सवय असलेल्यांनी हा खटला दोनदा वाचावा. कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नसतात, आणि दोन्हींची सरमिसळ फार झाली तर कोर्टही ती भिंत मानायला नकार देऊ शकतं.

आता कर. कंपनीचा दर कमी दिसतो, पण बऱ्याच देशांत नफ्यावर एकदा कंपनी कर भरते आणि उरलेला नफा लाभांश म्हणून घरी आणला की पुन्हा तुम्ही. नफा धंद्यातच फिरवणाऱ्याला कमी दराचा फायदा होतो. सगळं उत्पन्न घरखर्चाला लागणाऱ्याला फारसा नाही. पहिल्या वर्षांत तोटा झाला, तर एकल मालकाला (कंपनी न काढता एकट्याने धंदा करणाऱ्याला) तो अनेक ठिकाणी इतर उत्पन्नातून वजा करता येतो. कंपनीचा तोटा बहुधा कंपनीतच पडून राहतो.

मानाबद्दल काय बोलायचं? काही मोठी गिऱ्हाईकं नोंदणीकृत कंपनीशीच व्यवहार करतात. तुमची तशी आहेत का, हे त्यांनाच विचारा.

मग कंपनी काढूच नये? काढावी. धंद्यात दुसरा भागीदार आला की माझं मत बदलतं. साध्या भागीदारीत त्याने धंद्याच्या नावावर केलेलं सगळं देणं तुमच्याकडून वसूल होऊ शकतं, भले तुम्हाला त्याचा पत्ताही नसो. तिथे कंपनी किंवा मर्यादित जबाबदारीची भागीदारी लवकर केलेली बरी. बाहेरचा गुंतवणूकदार भांडवल घालणार असेल, किंवा नोकरांच्या चुकीने मोठं नुकसान होऊ शकेल असं काम असेल, तरीही तेच.

‘नंतर बदलणं कठीण, म्हणून आधीच करा,’ असंही सांगतात. नंतर कंपनी केली तर परवाने, करार, बँक खातं नव्या नावावर न्यावं लागतं, हा व्याप खरा आहे. पण न चाललेला धंदा एकल मालक येणी-देणी मिटवून बंद करू शकतो. कंपनी मात्र कागदोपत्री रीतसर बंद होईपर्यंत, एकही विक्री नसली तरी, दरवर्षी विवरणपत्रं मागत राहते.