"पण किती पाडली?"

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी महिंदरसिंग पुज्जींचा फोटो टाकला. दुसऱ्या महायुद्धातला फायटर पायलट, डोक्यावर हेल्मेट नाही, पगडी. दोन मिनिटांत काकांचा मेसेज आला: "वा! किती विमानं पाडली यांनी?"

आकडा आहे, शोधला की सापडतो. मी मुद्दामच देत नाहीये.

पुज्जी सिमल्याचे, जन्म १९१८. दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात विमान शिकले आणि १९४० मध्ये इंग्लंडला गेलेल्या चोवीस भारतीय पायलटांत होते. तिथे हरिकेन नावाचं लढाऊ विमान उडवायचे. हरिकेनच्या पंखांतल्या आठही मशिनगन एकदम चालवल्या तर गोळ्या पंधरा सेकंदांच्या आसपास संपायच्या. बटणावरचा अंगठा उचलायला उशीर झाला की खलास, पुढे नुसतंच जीव घेऊन पळायचं. अशा लढाईतलं माणसाला म्हातारपणी आठवणार तरी काय?

पुज्जींना पगडी आठवायची. हेल्मेट घालणार नाही म्हणाले, तर पगडीवरून इअरफोन बसवायला खास पट्टा करून घेतला. विमानात एक जादा पगडी असायची. शत्रूच्या मुलखात पडलो तर डोकं उघडं राहायला नको! मरणाची तयारी करताना माणूस कशाकशाची सोय करतो पाहा.

एकदा इंग्लिश खाडीवर जर्मन विमानाने त्यांना गाठलं. पुज्जींचं विमान निकामी झालं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे दिसल्यावर वाटलं, पोचू आपण. पोचले, पण आदळले. डोळे मिटलेले, आणि कानावर आवाज येतोय: जिवंत आहे, अजून जिवंत आहे! पगडी रक्ताने भिजली होती. तिच्या घड्यांनीच डोकं वाचवलं, असं ते सांगायचे. आठवडाभर हॉस्पिटलात काढून गडी पुन्हा विमानात.

पुढे आफ्रिकेच्या वाळवंटात वेगळीच लढाई, जेवणाची. डब्यातलं गोमांस खाणार नाहीत, मग बिस्किटांवर दिवस काढायचे. (मला तर विमानापेक्षा हे अवघड वाटतं. दोन दिवस वरणभात मिळाला नाही तर आमची चिडचिड सुरू होते.)

त्यांना आणखी एक आठवायचं: इंग्लंडमध्ये सिनेमाच्या रांगेत लोक त्यांना पुढे सोडायचे. आणि त्याच देशात युद्धाच्या आठवणींचे सोहळे व्हायला लागले तेव्हा भारतीय पायलट कुणाला आठवेनात. हे त्यांना लागलं होतं, आणि ते बोलूनही दाखवायचे. २०१० मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी गेले. इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंड गावात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१४ मध्ये. पगडीसकट.

यातलं थोडंफार मी ग्रुपवर लिहिलं. जादा पगडीचं तर अगदी रंगवून. काकांनी आधी अंगठ्याचा इमोजी टाकला. मग पाच मिनिटांनी:

"छान माहिती. पण किती पाडली?"