तूच ये न्यायला

चारचाकी घेतली तेव्हा नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. नातेवाइकांपासून संरक्षण देणारा विधी मात्र भटजींना ठाऊक नव्हता.

आमचं स्टेशन सावंतवाडी रोड. ते आहे मळगावात, आणि सावंतवाडी आपली सावंतवाडीत. यात कुणाची खोडी नाही. कोकण रेल्वे आखताना दीडशे मीटरला एक मीटर, त्याहून जास्त चढ ठेवायचा नाही असं ठरलेलं. मग रूळ डोंगर पोखरत, दऱ्या ओलांडत, सपाटी मिळेल तिथून गेले. नव्वदच्या वर बोगदे खणले, पण एकही आमच्या परसात उघडला नाही.

१९९८ मध्ये सगळा मार्ग सुरू झाला. त्याआधी पाहुणे रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेत आणि स्टँडवरून पिशवी उचलून निमूट घरी येत. आता ते झोपून येतात, आणि झोपण्यापूर्वी फोन करतात. "रिक्षावाले मेले लुटतत. तूच ये न्यायला," इति आत्ते. म्हणजे मुंबई ते मळगाव रेल्वे, पुढे मी.

मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे समोरच्या गाडीला वाट देत देत यावं लागतं. मोबाईल सांगतो, गाडी आलीच. रिक्षावाला मोबाईलकडे न बघता सांगतो, "झारापाक क्रॉसिंगाक लागली हा. चाय घे." खरा तोच ठरतो. (लुटतात म्हणे! मला तर चहाचे पैसेही देऊ देत नाहीत. मी त्यांचं गिऱ्हाईक पळवतो, हेही ते कधी बोलून दाखवत नाहीत.)

तेवढ्यात ट्रक वाहून नेणारी रो-रो मालगाडी जाते. वाघिणींवर ओळीनं ट्रक, आणि केबिनमध्ये पाय पसरून बसलेले ड्रायव्हर. स्वतःची गाडी असून दुसऱ्याच्या गाडीवरून जाणारी ही माणसं मी फार आदरानं बघतो.

पाहुण्यांना आणणं एक वेळ सोपं, पोचवणं कठीण. येताना आत्तेकडे एक पर्स असते. जाताना उकडे तांदूळ, सोललेले नारळ, कोकमं, सुके बांगडे आणि एक फणस. गाडी थांबते जेमतेम. डबा पुढे लागणार की मागे, यावर फलाटावर दोन तट पडतात. आम्ही नेमके चुकीच्या तटात. फणस खांद्यावर घेऊन मी धावतो, मागून बांगड्यांचा वास धावतो.

आत्ते कशीबशी चढली. गाडी हलली तशी दारातून ओरडली, "चवथीक आमी सगळी येतलंव! ह्या डबड्यात कशी मावतलंव? मोठी गाडी घे!"